आधी कुठल्या वर्गात बसायचं?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजला प्रवेशपरीक्षा नसते. बारावी झालेला मुलगा, शिक्षण अर्धवट सोडून नोकरीला लागलेली मुलगी, चाळिशीत धंदा बदलू पाहणारा ट्रकड्रायव्हर, भारतातली पदवी कपाटात ठेवून घरी बसलेली एच-४ व्हिसावरची बाई, सगळ्यांना तोच फॉर्म. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत आणि ‘येईल त्याला घ्यायचं’ हा त्यांचा बाणा आहे. आपल्याकडची सीईटी दाराबाहेर होते, ती पार पडली की आत सगळे एका बाकावर. इथे दार सताड उघडं असतं आणि परीक्षा आत गेल्यावर होते. तिचं नाव प्लेसमेंट टेस्ट. तिच्यात कोणी नापास होत नाही, म्हणून कोणी ती मनावर घेत नाही. पुढच्या दोन वर्षांचं काय होणार, हे मात्र पुष्कळदा तीच ठरवते.

एडिसनचं मिडलसेक्स, क्युपरटिनोचं डी अ‍ॅन्झा, फ्रीमाँटचं ओलोनी, डॅलसच्या उत्तरेचं कॉलिन ही कॉलेजं मराठी वस्तीला लागूनच आहेत. आपल्यातली बरीच मंडळी तिथे शिकतात, काही शिकवतात, आणि गणपतीच्या कार्यक्रमात मुलाबद्दल विचारलं की काही आईबाप अजूनही आवाज खाली आणून ‘सध्या कम्युनिटी कॉलेजात आहे’ असं सांगतात. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. काळजी घेण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि ती पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी लागते.

परीक्षा इंग्रजीची आणि गणिताची असते. ठरवलेल्या रेषेच्या खाली गुण आले की विद्यार्थ्याला ‘डेव्हलपमेंटल’ वर्गात बसवतात. तिथे शाळेचंच गणित किंवा शाळेचंच लेखन पुन्हा शिकवलं जातं. फी पूर्ण, वेळ पूर्ण, पण त्याची क्रेडिट पदवीत धरत नाहीत आणि पुढच्या विद्यापीठातही चालत नाहीत. सरकारी आर्थिक मदत अशा वर्गांना मिळते, पण सेमिस्टरच्या हिशेबाने ३० क्रेडिटपर्यंतच. पूर्वी अनेक कॉलेजांत या वर्गांची एक उतरंडच असे: अंकगणित, मग पूर्वबीजगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मध्यम बीजगणित, आणि त्यानंतर कुठे कॉलेजचं गणित.

एक हिशेब मांडून बघा. समजा, प्रत्येक वर्गात शंभरातले ऐंशी पास होतात (निकाल चांगलाच म्हणायचा), आणि पास झालेल्यांपैकी नव्वद टक्के पुढच्या सत्रात पुढचा वर्ग खरोखर घेतात. तीन डेव्हलपमेंटल वर्ग आणि मग कॉलेजचं गणित असे चार टप्पे ओलांडून किती जण पलीकडे पोचतील? तीस. कोणत्याही शिक्षकाचं काही चुकलेलं नसताना सत्तर जण वाटेत गळाले. मागे राहणारे ‘कच्चे’ असतात म्हणून गळतात, हा समज या हिशेबापुढे टिकत नाही. वाट लांब केली की माणसं गळतातच. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाला मूल होतं, कुणाची गाडी बंद पडते.

प्रत्यक्षातले आकडेही याच्याशी जुळतात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे. २०१० साली तिथल्या थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की खालच्या वर्गांत पाठवलेल्यांपैकी सगळे वर्ग पार करणारे गणितात ३३ टक्के आणि वाचनात ४६ टक्के होते. सुमारे ३० टक्के विद्यार्थी तर त्या वर्गात नाव घालायलाच गेले नाहीत. नापास होऊन किंवा मध्येच सोडून बाहेर पडलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातलेले जास्त होते. त्यानंतर जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी परीक्षेचाच निकाल लावला. परीक्षेने ठरवलेली जागा गणितात साधारण चारांपैकी एकाच्या बाबतीत आणि इंग्रजीत तिघांपैकी एकाच्या बाबतीत चांगलीच चुकलेली होती, आणि उगाच वर बसवलेल्यांपेक्षा उगाच खाली बसवलेले अधिक होते. शाळेतल्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, हा एका बैठकीतल्या परीक्षेपेक्षा भरवशाचा निकष निघाला. यात नवल ते काय! चार वर्षं वेळेवर गृहपाठ देणं, आजारपणातून उठून परीक्षेला बसणं, न आवडणाऱ्या शिक्षकाच्या तासालाही टिकून राहणं हे सगळं त्या सरासरीत उतरलेलं असतं. कॉलेजात पुढे उपयोगी पडतं तेही हेच.

२०१० साली वेस्टएड या संस्थेने कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांशी बोलून जो अहवाल केला, त्यातून आणखी एक साधी गोष्ट पुढे आली. परीक्षेवर काय अवलंबून आहे हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. तयारी करायची असते हेही नाही. ‘ही काही पास-नापासची परीक्षा नाही’ असं धीर देण्यासाठी सांगितलं गेलं होतं. विद्यार्थ्यांनी ते शब्दशः घेतलं आणि तयारीशिवायच परीक्षा उरकली.

परीक्षेनंतर विषय ठरवायला मदत करणाऱ्या सल्लागाराच्या खुर्चीचा इतिहास याहून जुना आणि जास्त अस्वस्थ करणारा आहे. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० साली सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज जिथे आपली निम्मी मित्रमंडळी राहतात तेच हे सॅन होजे. त्यांचं निरीक्षण असं होतं, की प्रवेशाआधीची चाचणी, खालचे वर्ग आणि समुपदेशकाच्या गोड शब्दांतल्या भेटी मिळून एक काम करतात: विद्यापीठात जाण्याची विद्यार्थ्याची इच्छा हळूहळू थंड करायची, आणि तीही अशी की शेवटी त्याला हा आपलाच निर्णय वाटावा. कोणी दुष्ट होतं असं क्लार्क म्हणत नाहीत. व्यवस्थाच तशी बसलेली होती. ‘तुला झेपेल तेवढंच घे’ हे वाक्य आपल्या काळजीपोटी उच्चारलं जात असतानाही काय काम करत असतं, ते यातून कळतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र बरंच बदललं. फ्लोरिडाने २०१३ सालच्या कायद्याने राज्यातल्या सरकारी शाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना प्लेसमेंट टेस्ट आणि डेव्हलपमेंटल वर्ग ऐच्छिक केले. टेनेसीने २०१५ पासून खालचे वर्ग बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना थेट कॉलेजच्या वर्गात बसवलं आणि सोबत आधाराचा तास दिला. कॉम्पास ही एके काळी जागोजागी वापरली जाणारी चाचणी तर तिच्या मालक संस्थेनेच, एसीटीने, बंद केली. विद्यार्थी नीट ओळखण्यात ती कमी पडते हे त्यांनीच मान्य केलं. कॅलिफोर्नियात २०१७ साली एबी ७०५ हा कायदा झाला आणि २०१९ च्या फॉल सत्रापासून तिथल्या कम्युनिटी कॉलेजांना तो पाळावा लागला. विद्यार्थी वर्षभरात ट्रान्सफरच्या, म्हणजे पुढच्या विद्यापीठात चालणाऱ्या, पातळीचं इंग्रजी आणि गणित पूर्ण करू शकेल अशीच जागा त्याला द्यायची, शाळेच्या गुणांवरून द्यायची, आणि वरच्या वर्गात तो टिकण्याची शक्यता अगदीच कमी असल्याशिवाय त्याला खालच्या वर्गाची सक्ती करायची नाही. २०२२ च्या एबी १७०५ ने यातल्या पळवाटा बुजवल्या. इतर राज्यांत मात्र नियम कॉलेजागणिक वेगळे आहेत, आणि ‘आमच्या शेजारणीच्या मुलाला तर परीक्षाच नव्हती’ हा न्यू जर्सीत चालणारा युक्तिवाद नाही.

परीक्षेच्या खोलीत जाण्याआधी

पहिला प्रश्न ‘परीक्षा कधी आहे?’ हा नाही. ‘मला परीक्षा द्यावीच लागेल का?’ हा आहे. हायस्कूलचे गुण, एसएटी किंवा एसीटीचे गुण, एपीचा निकाल, दुसऱ्या कॉलेजात घेतलेला एखादा विषय यांपैकी काहीही सूट मिळवून देऊ शकतं. पण ते कॉलेजच्या नोंदीत असेल तरच. शाळा आपोआप ट्रान्सक्रिप्ट पाठवेल या भरवशावर राहू नका. स्वतः मागवा, पोचल्याची खात्री करा, आणि एक प्रत जवळ ठेवा. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा एखादा विषय घेणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

परीक्षा द्यावीच लागली तर ती कोणती हे विचारून घ्या. अ‍ॅक्युप्लेसर ही कॉलेज बोर्डाची चाचणी बऱ्याच ठिकाणी चालते. तिला वेळेचं बंधन नाही. प्रत्येक विभागात साधारण वीस प्रश्न असतात. मागच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. त्यामुळे आपल्याकडची ‘आधी सोपे सोडवून टाकू’ ही युक्ती इथे निरुपयोगी ठरते. सुरुवातीचे प्रश्न घाईत सोडवू नका. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, काही प्रश्नांना पडद्यावरच मिळतो. सरावाचे प्रश्न कॉलेज बोर्ड फुकट देतं, ते न सोडवता गेलात तर दोष कोणालाच देता येणार नाही.

गणितासाठी काही कॉलेजं अ‍ॅलेक्स वापरतात. तिची तऱ्हा वेगळी आहे. जास्तीत जास्त तीस प्रश्न असतात, पर्यायांतून निवडण्याऐवजी बहुतेक उत्तरं लिहावी लागतात, आणि शेवटी तुम्हाला काय येतं व काय येत नाही याचं विषयवार चित्र मिळतं. मग त्या कच्च्या भागांचा अभ्यास तिथेच करून पुन्हा परीक्षा देता येते. किती वेळा, ते कॉलेज ठरवतं. माझ्या मते प्लेसमेंटच्या सगळ्या साधनांत ही पद्धत सर्वांत माणुसकीची आहे. पण घरी बसून देताना थोरल्या भावाची मदत घेतली तर तिचा सगळा अर्थ जातो. भावाच्या गुणांवर धाकटा कॅल्क्युलसच्या वर्गात जाऊन बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडतो.

भारतात शिकून आलेल्यांसाठी थोडं अधिक. बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्या बाईला इथे पुन्हा बीजगणिताच्या वर्गात बसवलं, असं घडतं, कारण कॉलेजपुढे तिची कागदपत्रं वाचता येतील अशा रूपात आलेलीच नसतात. डब्ल्यूईएससारख्या, नेसेस या संघटनेची सभासद असलेल्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या. नुसत्या पदवीच्या समकक्षतेचा स्वस्त अहवाल प्लेसमेंटला फारसा कामाचा नसतो. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, तेव्हा सत्राच्या बरंच आधी सुरुवात करा, आणि माहेरच्या कोणाला तरी विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहायची तयारी ठेवायला सांगा. गणित अशा कागदांवर सुटू शकतं. इंग्रजी लेखनाचा विषय मात्र बहुतेक ठिकाणी भारतातल्या गुणांवर सुटत नाही, तो इथे घ्यावाच लागतो. चांगला शिक्षक मिळाला तर तो घेण्यासारखाही असतो.

मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं की काही कॉलेजं सरळ ईएसएलची, म्हणजे परभाषकांच्या इंग्रजीची, चाचणी पुढे करतात. चाचणी द्यायला हरकत नाही, पण तीच द्यायची की नेहमीची, हे विचारा. ज्याचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं त्याने तसं लेखी सांगावं. ज्याला वाचता उत्तम येतं पण पाच पानांचा निबंध कधी लिहिलेला नाही, त्याने ईएसएलचा वरचा वर्ग कमीपणाचा मानू नये. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी परीक्षेआधी एक संध्याकाळ गणिताच्या इंग्रजी शब्दांवर घालवावी. लसावि, मसावि, बहुपदी, वर्गसमीकरण हे सगळं येत असून प्रश्नच न कळल्यामुळे गुण जाणं ही फुकटची हानी आहे. फूट, इंच, पौंड यांचाही हात बसवून घ्या.

निकाल चुकीचा वाटला तर? पुन्हा परीक्षेचा नियम विचारा. त्याखेरीज बहुतेक कॉलेजांत ‘प्रीरिक्विझिट चॅलेंज’ नावाचा अर्ज असतो. आधीचा विषय न घेता पुढचा घेण्याची पात्रता आपल्यात आहे, असं पुराव्यासह मांडायचं. कॅलिफोर्नियात हा विद्यार्थ्याचा हक्कच आहे. त्याला मुदत असते आणि ती सत्र सुरू होण्याच्या आसपास संपते. अर्ज करणं म्हणजे भांडण नव्हे. आपली मुलं, आणि मोठी माणसंही, ‘सर म्हणाले ना’ म्हणून गप्प बसतात, ते इथे महागात पडतं.

सल्लागाराची वेळ कशी वापरायची

एका सल्लागाराच्या वाट्याला कित्येकदा शेकड्यांनी विद्यार्थी असतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या दाराबाहेर रांग लागते आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्याला एकच काम करता येतं: पुढच्या सत्राचे विषय भरून देणं. म्हणून पहिल्या आठवड्यात जाऊ नका. ऑक्टोबरच्या मध्यावर जा, किंवा फेब्रुवारीच्या शेवटी. तेव्हा तोच माणूस तुमच्याशी तासभर बोलेल. एकदा चांगला सल्लागार सापडला की दर वेळी त्याचीच वेळ मागा.

जाताना हातात काहीतरी लिहिलेलं घेऊन जा. कुठे पोचायचं आहे, हे विद्यापीठ आणि विषय यांसकट. ‘इंजिनिअरिंग’ म्हणणं पुरेसं नाही. ‘रटगर्समध्ये सिव्हिल’ म्हटलं की सल्लागाराला पाठीमागून हिशेब करता येतो. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य जणांना पुढे बॅचलरची पदवी हवी असते. प्रत्यक्षात साधारण एकतृतीयांश विद्यापीठात जातात आणि सहा वर्षांत बॅचलर पूर्ण करणारे १६ टक्क्यांच्या आसपास असतात. यातला मोठा घोळ वाया गेलेल्या क्रेडिटचा आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला होता, की कॉलेज बदलताना विद्यार्थी सरासरी ४३ टक्के क्रेडिट गमावतात. कोणतं क्रेडिट कुठे चालतं, हे तोंडी ऐकू नका. कॅलिफोर्नियात त्यासाठी असिस्ट ही सरकारी सोय आहे, न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर आहे. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा विद्यापीठांत ठरावीक अटींवर जागेची हमी मिळते, पण बर्कली आणि एलए त्यांत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे दोन वर्षांनी रडारड होते.

गणिताचा कोणता रस्ता, हा प्रश्न आवर्जून विचारा. मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग यांना बहुधा संख्याशास्त्र पुरतं. इंजिनिअरिंग, संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र यांना कॅल्क्युलस लागतं. आपल्या घरांत ‘गणित जितकं जास्त तितकं बरं’ असा एक संस्कार आहे. नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीने त्यापायी कॅल्क्युलस घेऊन जीपीए घालवू नये. उलटही खरं आहे. इंजिनिअर व्हायचं असताना सोपं म्हणून संख्याशास्त्र घेतलं तर एक वर्ष गेलंच म्हणून समजा.

मग १२ आणि १५ चा हिशेब. आर्थिक मदतीच्या नियमात सत्राला १२ क्रेडिट घेणारा पूर्णवेळ विद्यार्थी. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला लागतात ६०. बाराने भागून बघा, चार सत्रांत पदवी होत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला १५ झेपणार नाहीत, त्याने उन्हाळ्यात एखादा विषय घ्यावा. पण पूर्णवेळ म्हणजे दोन वर्षांत संपेल, असं कोणी गृहीत धरू नये.

वर्ग सोडण्यापूर्वीही सल्लागाराला भेटा. ठरावीक प्रमाणात विषय पूर्ण झाले नाहीत किंवा सरासरी दोनच्या खाली गेली, तर सरकारी मदत थांबते. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी जे नियम छापलेले होते ते खंड न पडता शिकत राहिलात तर सहसा तुम्हाला लागू राहतात. मध्येच एखादं वर्ष सोडलं तर नवे नियम गळ्यात पडू शकतात. भेटीनंतर त्याच दिवशी सल्लागाराला छोटी ईमेल करा: आपण असं असं ठरवलं, बरोबर ना? पुढे वाद झाला तर हीच ईमेल कामाला येते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मिळणारा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो देणाऱ्याचा मुलगा बहुधा वेगळ्या कॉलेजात, वेगळ्या वर्षी, वेगळ्या विषयासाठी गेलेला असतो.

आईबाबांसाठी एकच गोष्ट. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, तो अठराचा नसला तरी. फी तुम्ही भरत असलात तरी सल्लागार तुम्हाला फोनवर गुण सांगणार नाही. त्यावर चिडू नका. मुलाला संमतीचा अर्ज भरायला सांगता येतो. पण त्याहून बरं म्हणजे त्याला एकट्याला जाऊ द्या आणि आल्यावर काय ठरलं ते विचारा.

तुम्ही टेबलाच्या पलीकडे असाल तर

आपल्यातले काही जण कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवतात, कोणी कार्यालयात आहेत, कोणी कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर निवडून जायची खटपट करत आहेत. तुमच्या कॉलेजात अजूनही एकाच चाचणीच्या एकाच रेषेवर विद्यार्थी विभागले जात असतील, तर विभागाच्या पुढच्या बैठकीत पहिल्यांदा एक आकडा मागा. ‘वर्गात किती टक्के पास झाले’ हा नको. ‘या फॉलला आलेल्या सगळ्यांपैकी वर्षभरात कॉलेजचं पहिलं गणित किती जणांनी पूर्ण केलं’ हा मागा. पहिला आकडा नेहमी छान दिसतो, कारण गळालेले त्यात मोजलेलेच नसतात.

निकष एकाहून अधिक ठेवा आणि त्यांतला सर्वांत वरचा विद्यार्थ्याच्या बाजूने धरा. न्यूयॉर्क राज्यातल्या सात कम्युनिटी कॉलेजांत याचा नीट प्रयोग झाला. कुणाला जुन्या पद्धतीने आणि कुणाला शाळेचे गुण धरून जागा द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. नव्या पद्धतीने वर सरकलेल्यांनी कॉलेजचे विषय जास्त पूर्ण केले. त्याच पद्धतीने खाली सरकलेल्यांचं नुकसान झालं. यातून निघणारा धडा स्पष्ट आहे, तरीही अनेक समित्या ‘दोन्ही बाजूंनी अचूकता’ शोधत बसतात. खाली पाठवण्याची अचूकता कोणाच्या कामाची?

वर बसवायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात पीटर अ‍ॅडम्स यांनी २००७ साली सुरू केलेली पद्धत बघा. डेव्हलपमेंटल ठरलेले मोजके विद्यार्थी नेहमीच्या इंग्रजीच्या वर्गात इतरांबरोबर बसतात, आणि लगेच पुढच्या तासाला तेवढेच विद्यार्थी त्याच शिक्षकाबरोबर पुन्हा भेटतात. आधीच्या तासात जे अडलं तेच तिथे सुटतं. ‘त्याच शिक्षकाबरोबर’ हे कलम पैसे वाचवायला पहिल्यांदा कापलं जातं. आधाराचा तास भलत्याच शिक्षकाकडे, भलत्याच वाराला दिला की तो जुन्या खालच्या वर्गासारखाच होतो, फक्त नाव बदलतं.

शिक्षकांच्या तक्रारी झटकून टाकू नका. सगळे वरच्या वर्गात आले की वर्गाचा निकाल खाली येतो. पूर्ण करणाऱ्यांची एकूण संख्या वाढते हे खरं, पण नापास होणारेही समोर दिसायला लागतात. पूर्वी ते आपल्या वर्गापर्यंत पोचतच नव्हते. त्या नापास झालेल्याच्या नोंदीवर एफ चढतो, त्याची मदत धोक्यात येते. कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना थेट कॅल्क्युलसमध्ये बसवण्यावरून जो वाद पेटला, त्यात दोन्ही बाजूंना काही मुद्दे होते. माझं मत सुधारणेच्या बाजूने आहे. पण दुसऱ्यांदा तोच विषय घेणाऱ्याला कोण हाताशी धरणार, हे ठरवल्याशिवाय सुधारणा पुरी झाली असं म्हणता येणार नाही. तसंच ज्यांच्याकडे शाळेचे गुणच नाहीत, तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेले किंवा परदेशातून आलेले, त्यांच्यासाठी प्रत्येक वर्गाचे नमुना प्रश्न आणि नमुना निबंध समोर ठेवून, माणसाशी बोलून, त्यांचं त्यांना निवडू द्या.

सल्ल्याच्या बाबतीत खर्चाची सबब ऐकायला मिळेल. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली असाप नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिक्षण, सक्तीच्या भेटी, उरलेली फी माफ, पुस्तकं, सबवेचा पास, आणि एका सल्लागारामागे साठ ते ऐंशी विद्यार्थी. त्याच कॉलेजांत इतरांच्या वाट्याला सहाशे विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार, कुठे विद्यार्थी त्याहूनही जास्त. गरीब घरांतले आणि डेव्हलपमेंटल ठरलेले विद्यार्थी चिठ्ठीने निवडून एमडीआरसी या संस्थेने तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेतलेले असापमध्ये ४० टक्के, बाहेर २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त झाला, पण दर पदवीमागे कमी. ओहायोच्या तीन कॉलेजांत हाच कार्यक्रम उचलला, तिथेही पदव्या जवळजवळ दुप्पट झाल्या. सबवेचा पास दर महिन्याला सल्लागाराच्या भेटीशी जोडलेला होता, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली क्लृप्ती. तुमच्या गावी सबवे नसेल तर पेट्रोलचं कार्ड ठेवा.

एवढा पैसा नसेल तरी प्रत्येक विद्यार्थ्याला नावानिशी एक सल्लागार द्या, आणि पहिली भेट विद्यार्थ्याने मागायची वाट न बघता चौथ्या आठवड्यात तुम्ही बोलवा. संगणकाने लाल खूण केली म्हणून गेलेली आपोआप ईमेल कोणी वाचत नाही. शिक्षकाने वर्गाबाहेर थांबवून ‘काल दिसला नाहीस’ म्हटलं तर ते लक्षात राहतं.

आणि विद्यार्थ्यांनो, हे सगळं करूनही पहिल्या आठवड्यात वर्ग चुकल्यासारखा वाटलाच, खूप सोपा किंवा अजिबात न कळणारा, तर शिक्षकाच्या कार्यालयीन वेळेत जा आणि पहिल्या गृहपाठाची वही बरोबर न्या. वरच्या किंवा खालच्या वर्गात जागा असेल तर या आठवड्यात बदल होतो. पूर्ण फी परत मिळण्याची आणि नोंद न राहता वर्ग सोडण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात, जसं डी अ‍ॅन्झात, ती सेमिस्टरवाल्यांपेक्षाही लवकर येते, म्हणून नाव घातलं त्याच दिवशी ती तारीख फोनमध्ये घालून ठेवा.